बाबांच्या ताटातलं

आईच्या पोटावरचा फुगवटा मी पहिल्यांदा बघितला तेव्हा ती मोरीत कपडे धुवून उठत होती. ती उभी राहिली आणि बेंबीच्या खाली, जुन्या ऑपरेशनच्या टाक्यांवर, लहान नारळाएवढं काहीतरी पातळाखालून पुढे आलं. तिने ते तळहाताने आत ढकललं, बादली उचलली आणि कपडे वाळत घालायला गॅलरीत गेली.

"हे कधीपासून?" मी विचारलं.

"असेल वर्षभर," ती म्हणाली. "दुखत नाही गं काही. आत सारलं की जातं."

वर्षभर! आम्ही तिघं धडधाकट माणसं त्या दोन खोल्यांत तिच्या हातचं खात होतो, आणि एकालाही पत्ता नव्हता. मला तेव्हा राग आला तो तिचाच. पुढचे सहा महिने मी बहुतेक तिच्यावरच रागावलेली होते, आणि तो राग चुकीच्या माणसावर होता हे कळेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं होतं.

नव्वदीच्या सुरुवातीची ही गोष्ट. आम्ही डोंबिवली पूर्वेला, मानपाड्याच्या रस्त्याला राहत होतो. बाबा तिथल्याच एका केमिकल कंपनीत होते, दादा ठाण्याला नोकरीला होता, आणि मी दुपारच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवायचे. आई घरी. तिचं वजन अठ्ठ्याण्णव किलो होतं. ती जाडी आम्हाला तिच्या स्वभावासारखीच वाटायची. आई म्हणजे अशीच.

आमच्या डॉक्टरांनी बघितलं आणि ठाण्याच्या एका सर्जनकडे पाठवलं. सर्जनने पोट दाबून बघितलं, आईला खोकायला लावलं आणि हात धुता धुता सांगितलं, "हर्निया आहे. मोठा आहे. आतडं कधीतरी या भोकात अडकेल. अडकलं की काही तासांत सडतं. ऑपरेशन करावंच लागेल."

"मग करा," बाबा म्हणाले.

"एवढ्या चरबीत टाके धरणार नाहीत. भूल द्यायलाही धोका. अठरा किलो कमी करून आणा, मग मी हात लावतो." मग तो आईकडे वळला. "बाई, तोंडावर ताबा ठेवा जरा. घरात सगळ्यात जास्त तुम्हीच खाता वाटतं."

बाबा हसले. मला ते हसणं अजून ऐकू येतं. "मी सांगतो हो तिला," ते म्हणाले, "पण ऐकते कुठे!" आई पदर सावरत खाली बघत होती. मला सर्जनच्या टेबलावरचा पेपरवेट उचलून फेकावासा वाटला. फेकला नाही. त्याऐवजी मी मनात ठरवलं की अठरा किलो उतरवूनच दाखवते, याच्या नाकावर टिच्चून.

बाहेर एका बाईंनी आहाराचा कागद दिला. टाइप केलेला, इंग्रजीत. सकाळी क्लिअर सूप आणि एक टोस्ट, दुपारी ग्रिल्ड फिश आणि सॅलड, चारला एक सफरचंद, रात्री कॉटेज चीज. कॉटेज चीज म्हणजे पनीर हे मला शाळेतल्या मोठ्या बाईंना विचारून कळलं, आणि पनीर तोपर्यंत आमच्या घरात कधी आलेलं नव्हतं. ग्रिल कशाला म्हणतात हे मोठ्या बाईंनाही सांगता येईना. कुणासाठी लिहिला होता तो कागद? डोंबिवलीतून उठून आलेल्या, दोन बर्नरच्या शेगडीवर चार माणसांचं रांधणाऱ्या बाईच्या हातात तो देताना त्या बाईंना क्षणभर तरी काही वाटलं असेल का? मी त्या कागदाच्या पाठीवर माझ्या भाषेत नवा आहार लिहिला.

ते काम मला जमलं, हे मी आजही मान वर करून सांगते. सकाळी बिनसाखरेचा चहा, साय काढलेल्या दुधाचा. नऊला नाचणीची अर्धी भाकरी आणि वाटीभर ताक, लोणी पुरतं काढून घेतलेलं. दुपारी एक फुलका, वाटीभर मुगाचं पातळ वरण, वाटीभर पालेभाजी आणि काकडी. चारला मूठभर भाजके चणे. रात्री दुधीचं नाहीतर पडवळाचं सार आणि माशाची एक तुकडी. भात बंद, साखर बंद, खोबरं बंद. तेल मी चहाच्या चमच्याने मोजायचे आणि फोडणीला पाणी घालायचे. जिरं कोरड्या तव्यावर भाजून घ्यायचं, आलं-लसूण वाटून पाण्यावर परतायचं, वर भाजी टाकून झाकण ठेवायचं आणि झाकणात पाणी. भाजी आपल्याच वाफेवर शिजते आणि बरी लागते. दुधीला कोकमाचं आगळ घातलं की त्याचा मिळमिळीतपणा जातो. माशाला हळद, मीठ, चिंचेचा कोळ लावून अर्धा तास ठेवायचं आणि केळीच्या पानात गुंडाळून बिनतेलाचं तव्यावर भाजायचं. झालं की आमचं ग्रिल!

पहाटे साडेपाचला पाणी यायचं तेव्हा मी उठायचे. आधी घरच्यांचा रोजचा स्वयंपाक, मग आईचा वेगळा. तिच्या वाट्या मी भरून, वर ताटली झाकून ओट्याच्या कोपऱ्यात ओळीने मांडून ठेवायचे आणि साडेअकराला शाळेत जायचे. आई मी सांगेन तसं खायची. कुरकुर नाही, हट्ट नाही. भाताची आठवण काढली असेल तर माझ्यासमोर नाही.

पहिल्या महिन्यात चार किलो उतरले. मी शाळेत पेढे वाटायचीच बाकी होते.

दुसऱ्या महिन्यात काटा चौऱ्याण्णववर थांबला. तिसऱ्या महिन्यात तिथेच. आमच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात वजनाचं यंत्र बाहेर, पेशंटच्या बाकांसमोरच ठेवलेलं होतं, आणि कंपाउंडरला आकडा मोठ्याने सांगायची हौस होती. "चौऱ्याण्णव! जैसे थे!" बाकावरच्या बायका तोंडाला पदर लावायच्या. आई यंत्रावरून उतरून चपला शोधायची. मी एकदा त्या कंपाउंडरला सगळ्यांसमोर विचारलं की तुमचं वजन किती, तेही ओरडून सांगा. त्यानंतर तो आकडा चिठ्ठीवर लिहून द्यायला लागला. पण चिठ्ठीवरही चौऱ्याण्णवच.

मग मी शोधायला लागले. मला खात्री होती की आई चोरून खाते. दुसरं कारणच नव्हतं. मी तिचं खाणं चमच्याने मोजत होते, आणि वजन हलत नव्हतं. मी डब्यातले लाडू मोजून ठेवायला लागले. साखरेच्या डब्यात बोटाने रेघ ओढून ठेवायचे. संध्याकाळी बघावं तर लाडू तितकेच, रेघ तशीच. मग संशय शेजारच्या काकूंवर गेला. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्यांनी आईच्या हातावर तिळाच्या वड्या ठेवल्या होत्या, एक नाही, चार. मी काकूंच्या दारात जाऊन नको नको ते बोलले. "आमच्या आईचा जीव गेला तर तुमच्या वड्या जबाबदार," असंही म्हणाले. काकू रडल्या. वड्या आईने घरी आणून आम्हालाच दिल्या होत्या, हे मला दादाने नंतर सांगितलं. दोन त्यानेच खाल्ल्या होत्या.

तरीही मी थांबले नाही. एके दिवशी मी फडताळाला कुलूप लावलं आणि किल्ली पर्समध्ये टाकून शाळेत गेले. ज्या बाईने मला जन्मभर खाऊ घातलं तिच्या स्वयंपाकघराला मी कुलूप लावलं. आई दारात उभी राहून बघत होती. "माझ्या गळ्याची शपथ घे," मी जाता जाता म्हणाले, "काही खात नाहीस म्हणून."

"तुझ्या गळ्याची शपथ," ती म्हणाली. "तू वाढतेस त्याच्यापलीकडे माझं जेवण नाही."

मी विश्वास ठेवला नाही. ती खोटं बोलत नव्हती, आणि तरीही मी तिला खोटारडी समजले. याचा राग मला आजही येतो.

दिवा गावाकडच्या खाडीवरची एक कोळीण आमच्याकडे पाटी घेऊन यायची. आम्ही तिला मावशी म्हणायचो. वयाने आईहून मोठी, आवाज सगळ्या मजल्याला पुरेल असा. त्या रविवारी ती आली तेव्हा आमची जेवणं उरकत आली होती. नोकरी लागल्यापासून मी बाबा-दादांच्या पंक्तीला बसायचे, आई वाढायची, आणि आम्ही उठलो की मग ती बसायची. मावशी उंबऱ्याशी बसून माझ्यासाठी मांदेली साफ करत होती. आईने तिच्या वाट्या संपवल्या. मग तिने बाबांचं ताट पुढे ओढलं आणि जेवायला लागली.

मावशीचा कोयता थांबला.

"आयेला भात बंद केलाय बोललीस ना गो?" तिने मला विचारलं. "मंग ही काय खातेय?"

आणि मी, जिने लाडू मोजले होते, साखरेत रेघा ओढल्या होत्या, फडताळाला कुलूप लावलं होतं, ती मी अगदी सहज म्हणाले, "ते काही तिचं जेवण नाही मावशी. ते बाबांच्या ताटातलं आहे."

मावशी मोठ्याने हसली. "मंग तो भात जातय कं गो? त्याचे पोटान का हिचे पोटान?"

मी आईच्या पुढ्यातल्या ताटाकडे वळून बघितलं.

ती पद्धत मी जन्मापासून बघत होते. लग्न होऊन आल्यावर पहिल्याच दिवशी आजीने आईला सांगितलं होतं की बाईने नवऱ्याच्या ताटात जेवायचं. आणि बाबांना सांगितलं होतं की बायकोसाठी ताटात ठेवून उठायचं. तीस वर्षं दोघांनी ते पाळलं. मी ते इतकं बघितलं होतं की मला ते दिसतच नव्हतं. मांडणीवर आमची रोजची ताटं तीन होती, आणि घरात माणसं चार. हे मी त्या रविवारी पहिल्यांदा मोजलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, बाबा पाळीवर जायच्या आधी जेवून उठले, तेव्हा आईने हात लावायच्या आत मी ताट उचललं. त्यातलं सगळं काढून मी वाट्यांत भरलं. तूप-वरण कालवलेला भात दोन वाट्या. पोळीचा अर्धा भाग. बटाट्याच्या भाजीच्या फोडी. आदल्या दिवशीचा शिरा, दोन मोठे चमचे, साजूक तुपातला. बाबा अंगमेहनतीचं काम करायचे, त्यांच्या जेवणाला हात आखडता घ्यायचा नाही असा घरचा नियम होता. हे एका वेळचं. रात्रीचं वेगळं.

मी त्या वाट्या आईसमोर मांडल्या. "हे काय आहे?"

"ह्यांच्या ताटातलं."

"तू रोज हे खातेस?"

"अगं, खाते कुठे? ताट स्वच्छ करते. टाकून का द्यायचं?" तिच्या चेहऱ्यावर खरोखरच कोडं होतं. "जेवण म्हणजे तू वाढतेस ते. हे माझं कुठे आहे?"

खाणं विचारलं तेव्हाही तिने हेच सांगितलं होतं. आमच्या डॉक्टरांना, त्या आहारवाल्या बाईंना, मला. सगळ्यांना खरं सांगितलं होतं. तिच्या हिशेबी ते खाणंच नव्हतं, आणि माझ्याही हिशेबी नव्हतं. इतकं शिकून मी काय दिवे लावले होते!

रात्री मी बाबांच्या पानासमोर उभी राहिले. "आजपासून ताटात काही ठेवायचं नाही," मी म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही ठेवता ते आई खाते. म्हणून वजन उतरत नाही. तुम्हाला लागेल तेवढंच मी वाढेन, आणि ताट रिकामं करून उठायचं."

बाबांचा घास हातातच राहिला. ते वाईट नव्हते. दारू नाही, मारहाण नाही, पगार पाकिटासकट आईच्या हातात. पण त्या रात्री ते जे म्हणाले त्याने माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मी तिच्यासाठी ठेवतो," ते म्हणाले. "तीस वर्षं. एकदा विसरलो नाही. माशाची मधली तुकडी मी कधी पुरी खाल्लेली नाही. तू मला शिकवतेस?"

"मग तिच्यासाठी वेगळं ताट का नाही वाढलं कधी?" मी ओरडले. "मधली तुकडी तिच्या पानात आधीच का नाही वाढली? तुमच्या उष्ट्यातूनच का? आणि डॉक्टरांसमोर हसलात ते कशाला? 'ऐकते कुठे' म्हणालात! ती तुमचंच ऐकत होती!"

"मी तिला मारतोय म्हणायचं आहे का तुला?"

"हो," मी म्हणाले.

दादा म्हणाला, "ए, बस कर आता." पण बोलून झालं होतं. बाबा उठले. भरल्या ताटावरून उठले. भात, वरण, भाजी, दोन पोळ्या, मासा, सगळं तसंच टाकून गॅलरीत जाऊन पाठ करून उभे राहिले.

आणि मग आई ते ताट घेऊन बसली. मी म्हटलं, "आई, नाही." तिने ऐकलं नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती खात होती. घासामागून घास, न थांबता, सगळं. नवरा रागावून उठला तर ते ताट टाकता येत नाही, असं तिला कुणी शिकवलं होतं देव जाणे. मी ताट ओढायला गेले तर तिने माझा हात झटकला. माझ्यावर हात उगारण्याच्या जवळ ती आयुष्यात तेव्हाच एकदा आली असेल. दादा भिंतीकडे तोंड करून बसला होता. शेवटचं शीत संपेपर्यंत मी तिथे उभी राहिले, आणि मला त्या घरातल्या प्रत्येक माणसाचा, माझ्यासकट, संताप आला होता.

रात्रभर मला धास्ती होती की आता आतडं अडकणार. अडकलं नाही. नशीब.

दुसऱ्या दिवसापासून बाबा माझ्याशी बोलायचे बंद झाले, आणि ताट पुसून स्वच्छ करून उठायला लागले. शीत शिल्लक नाही, आमटीचा ओघळ नाही. रागाने करत होते, पण करत होते. मी भांड्यांच्या दुकानातून आईसाठी नवीन ताट आणलं. दुकानदाराने विचारलं, नाव काय घालू? मी म्हटलं, "आई" असं घाला. त्याने ठिपक्या ठिपक्यांनी घालून दिलं. आईने ते धुतलं, पुसलं आणि दुधाच्या पातेल्यावर झाकायला वापरलं. जेवायची मात्र माझ्या वाट्यांतूनच, ओट्याशी उभी राहून.

वजन उतरायला लागलं. एक्याण्णव. अठ्ठ्याऐंशी. पंच्याऐंशी. कंपाउंडर आता आकडा पुन्हा मोठ्याने सांगायला लागला होता, आणि बाकावरच्या बायका आईला विचारायच्या, काय करता हो? आमच्या डॉक्टरांनी माझी पाठ थोपटली. सगळीकडून शाबासकी मिळत होती, फक्त आई गप्प होत गेली. आधी मला वाटलं की अशक्तपणा. मी चणे वाढवले, ताक वाढवलं, अंड्याचा पांढरा भाग सुरू केला. तिने तेही मुकाट्याने खाल्लं.

एके दिवशी भाजी निवडताना तिने विचारलं, "अजून रागावलेत का गं ते?"

"कोण?"

"हे. ताट बघ की. काही ठेवत नाहीत."

"आई, मीच सांगितलं ना त्यांना ठेवू नका म्हणून! तुझ्यासाठीच!"

"ते कळतं मला." ती मेथीची काडी मोडत राहिली. "पण तीस वर्षांत ह्यांनी मला कधी साडी आपणहून आणली नाही. बरं वाटत नसलं तर विचारलं नाही. माझं नाव घेऊन कधी हाक मारली नाही. तेवढं ताटातलं होतं. आज काय ठेवलंय बघायचे मी. कधी मधली तुकडी असायची, कधी सायीचा भात. कळायचं मला, आज मन कसं आहे ते." मग ती माझ्याकडे बघून म्हणाली, "ते तू काढून घेतलंस."

मी तिला अद्वातद्वा बोलले. मी म्हटलं, मी तुझ्यासाठी पहाटे उठते, रजा टाकते, लोकांशी भांडते, तुझा जीव वाचवते, आणि तू मला हे सुनावतेस? उष्ट्यात कसलं आलंय प्रेम? प्रेम असतं तर ताट वाढलं असतं! मेथी निवडून झाली, तिने देठ कागदात गुंडाळले. मला रडू येत होतं ते रागाने, आणि राग होता तो ती खरं बोलत होती म्हणून. त्या माणसाला दुसरं काही द्यायला कुणी शिकवलं नव्हतं, आणि तिला दुसरं काही मागायला.

श्रावणात वजन ऐंशीवर आलं आणि सर्जनने ऑपरेशन केलं. अडीच तास लागले. बाहेर येऊन तो मला म्हणाला, "छान. टाके घट्ट बसलेत. तुम्ही केलंत हे." मी त्याला थँक्यू म्हटलं नाही. आतडं सुखरूप होतं, आई शुद्धीवर येत होती, तेवढं मला पुरे होतं.

चौथ्या दिवशी तिला घन अन्न द्यायला परवानगी मिळाली. दुपारी आयाबाई हातगाडी ढकलत आल्या. प्रत्येक ताटावर पलंगाच्या नंबराची चिठ्ठी चिकटवलेली. मऊ भात, पातळ वरण, उकडलेला दुधी. आईच्या पुढ्यात ताट ठेवून त्यांनी दटावलं, "हे पेशंटचं. पेशंटनेच खायचं." आणि गाडी पुढे नेली.

बाबा स्टुलावर बसले होते, कंपनीतून परस्पर आलेले. मी चमचा घेऊन उभी होते. आई उशीला टेकून ताटाकडे बघत होती, पण हात पुढे करत नव्हती.

"खा ना," मी म्हटलं. "सगळं मापात आहे. डॉक्टरांनी सांगितलंय."

"जेवलात का?" तिने बाबांना विचारलं.

"जेवतो घरी जाऊन."

तिने ताट त्यांच्याकडे सरकवलं. "दोन घास घ्या आधी."

"अगं, तुझं आहे ते," बाबा म्हणाले, आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं. कित्येक महिन्यांनी पहिल्यांदाच सरळ. मी काही बोलावं म्हणून बघितलं असेल. नको म्हणावं म्हणून, किंवा हो म्हणावं म्हणून. मला दोन्ही म्हणता आलं नाही.

"घ्या ना," आई म्हणाली. "मला जात नाही."

बाबा उठून बेसिनवर हात धुवून आले. त्यांनी वरणभात कालवला, दोन घास खाल्ले, मग बोटांनी भात नीट एका कडेला गोळा केला आणि ताट परत तिच्यापुढे ठेवलं. तेव्हा कुठे तिने चमचा माझ्या हातातून घेतला, बाजूला ठेवला आणि हाताने जेवायला लागली. चवीने जेवत होती. चार दिवसांनी तिच्या तोंडावर रंग आलेला दिसत होता.

मी वॉर्डाच्या बाहेर येऊन जिन्यात बसले आणि रडले. कुणावर चिडून रडत होते ते धड सांगता येत नाही. बाबांवर, आजीवर, तिच्यावर, तोंडावर ताबा ठेवायला सांगणाऱ्या त्या सर्जनवर, सगळ्यांवर. एकोणपन्नास वर्षांच्या बाईपुढे लग्नानंतर बहुधा पहिल्यांदाच कुणीतरी फक्त तिच्यासाठी वाढलेलं ताट आणून ठेवलं होतं, आणि ते उष्टं झाल्याशिवाय तिच्या घशाखाली उतरलं नव्हतं.